मिशीवरचं पाणी

१

कोपरच्या भोईर आळीतल्या विहिरीत धाकूशेठ तरंगताना सापडला तो शुक्रवार होता. दिवेलागणीची वेळ होती, आणि खोटं कशाला बोला, कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, जुलैचा महिना, विहीर काठोकाठ भरलेली आणि पायऱ्यांवर हे एवढं शेवाळ. पाय घसरला असणार. बायांनी ऊर बडवले, पुरुषांनी दोर टाकून प्रेत वर घेतलं. आळीतले जाणते नेहमीप्रमाणे मान हलवत म्हणाले की कठडा आणखी उंच हवा होता.

मग डॉक्टरांना छातीवरचा वळ दिसला. पेल्याच्या तोंडाएवढा, गोल. नुसतं घसरून पडलेल्या माणसाला असा वळ उठत नाही. कुणी बांबूचं टोक छातीला लावून रेटलं, तरच उठतो. पोलिसांनी ही गोष्ट पोटात ठेवली, घरच्यांनाही सांगितली नाही.

आणि नेमका तोच बांबू थोरल्या सुनेच्या जबाबात आला.

थोरली सून म्हणजे कल्पिता. त्या दिवशी ती डेंग्यूच्या तापाने फणफणत घरात पडून होती. संध्याकाळी तिला हॉस्पिटलात हलवलं, त्यामुळे सासऱ्याचं प्रेत, अग्नी, काही तिच्या नजरेला पडलं नाही. त्या दिवसातलं तिला आठवायचं ते तुटक तुटक. अंगाची भट्टी, बंद पंखा, पुठ्ठ्याने वारा घालणारा नवरा, स्वयंपाकघराची खिडकी आणि विहीर. विहीर मात्र लख्ख. बरी होऊन घरी आल्यावर तिने पोलिसांना सांगितलं, पाणी प्यायला उठले, खिडकीतून बघितलं, मितेशने बाबांना बांबूने विहिरीत ढकललं.

मितेश तिचा सख्खा धाकटा दीर. बांबूबद्दल बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, मग बघितल्याशिवाय ही बाई सांगेल कशी? त्यात मे महिन्यात एका हळदीत हा शहाणा पिऊन तर्र झाला होता आणि भरमांडवात बापाला बोलून बसला होता, "म्हाताऱ्या, तुला त्याच विहिरीत ढकलीन." झालं. मितेशची रवानगी आधारवाडीच्या तुरुंगात झाली.

सासूने, सगुणाबाईने, सुनेला एका शब्दाने विचारलं नाही. कल्पिता सांगायला गेली तेव्हा तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मना नको सांगू बाय. जे बगलंस ते तुज्याजवल ठेव."

पण गणपती आठवड्यावर आले आणि सगुणाबाई एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याला घेऊन दारात उभी राहिली. "ह्ये दौलतराव सुर्वे. नौपाड्याला रहातात, पोलिसात मोठे साहेब व्हते. माजा मितेश त्यातला नाय. तुजं खरं का खोटं, ते आता ह्येच बगतील."

२

कल्पिताला राग नाही आला. तिने खरं तेच सांगितलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने खुर्ची पुढे केली आणि पसारा आवरायला घेतला.

पसारा म्हणजे मखरांचा. थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठा, कागद आणि कापडाची मखरं करणाऱ्यांना डोंबिवली-ठाण्यात मरण नाही, आणि कल्पिताला तर ऑगस्टमध्ये जेवायला फुरसत नसे. घरात सुतक सरलं तरी दुःख होतं, यंदा भोईरांकडे गणपती नव्हता, पण लोकांच्या ऑर्डरी थोड्याच थांबतात? आणि तिच्या हातात एक अजब गोष्ट होती. हातात कसली, डोक्यात. गिऱ्हाइकाने फोनवर नुसतं खोलीचं वर्णन करावं, की हिला ती खोली दिसायची. भिंतीचा रंग, कोपऱ्यातली सावली, सगळं. पेन्सिलही न टेकवता ती मखर उभं करायची, फिरून मागून बघायची, मग कात्री हातात घ्यायची.

दौलतराव बसले आणि तेवढ्यात फोन वाजलाच. नौपाड्याच्या नंदाताई होत्या.

"हो ताई, झालंय," कल्पिता म्हणाली. "खिडकीच्या उजवीकडे ठेवायचं. तुमचे ते हिरवे पडदे आहेत ना, त्यावर सोनेरी उठून दिसेल."

"अगं, कुठली खिडकी?" पलीकडून नंदाताईंचा आवाज दौलतरावांनाही ऐकू आला. "आमच्या हॉलला खिडकीच नाहीये!"

कल्पिता ओशाळली. फोन ठेवून म्हणाली, "असं होतं कधीकधी. त्या म्हणाल्या होत्या, हॉलमध्ये वारा छान येतो. मग खिडकी आलीच की डोळ्यांसमोर."

"पडदेही हिरवे आले?"

"आले. हिरवेच. साहेब, मला ना सगळं दिसतंच. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी मला शीळ रोडवरचा एक अपघात सांगितलेला. ट्रकखाली गेलेला माणूस. मी कितीतरी दिवस जेवले नाही. नंतर सासूबाईंना म्हणते काय, आपण तो अपघात बघितला ना तेव्हा... हे हसायला लागले. म्हणाले, वेडे, तू होतीस कुठे? मी सांगितलं तुला!"

दौलतराव मात्र हसले नाहीत. "माझं उलटं आहे," ते सावकाश म्हणाले. "मी डोळे मिटले की काळोख. आंबा म्हटलं तरी आंबा दिसत नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली. फोटो काढून बघितल्याशिवाय मला तिचा चेहरा येत नाही."

कल्पिताचा जीव कळवळला. असाही माणूस असतो? तिला तर पाचवीतल्या बाईंच्या साडीचा काठही दिसायचा.

"तुमच्या एका शब्दावर तुमचा दीर जन्मभर आत राहील," दौलतराव म्हणाले. "झोप लागते तुम्हाला?"

"लागते. मी खोटं बोलले नाही, साहेब."

"खोटं बोलणाऱ्यांना मी नोकरीभर हाताळलं. ते सोपं असतं." त्यांनी काठी उचलली. "तुम्ही खरं बोलताय, हीच तर पंचाईत आहे."

३

दुसऱ्या दिवशी दौलतराव आले ते सहदेव घरी असताना. सहदेव म्हणजे कल्पिताचा नवरा, धाकूशेठचा थोरला. बिल्डरांना रेती-खडी पुरवायचा धंदा, गळ्यात जाड साखळी, पण बोलायला मऊ. कल्पिताला तो फुलासारखा जपायचा असं आळीत म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

"बघा साहेब, आईची माया आहे, मी समजू शकतो," सहदेव म्हणाला. "मितेश माझाही भाऊ आहे. माझ्या काळजाला नाही का लागत? पण हिला परत परत तेच विचारून त्रास देऊ नका. मरणाच्या दारातून आलीये ती."

"तुमचं वडिलांशी कसं होतं?"

"बापलेकांचं असतं तसं."

"विहिरीवरून काही?"

तेवढ्यात ओट्यावरून एक जाडा आवाज आला, "त्यात लपवण्यासारखं काय आहे?" जागेची कामं करणारा गोपीनाथ आत येत होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची बळकावणारा. आळीत कुणाकडे टॉवर येणार असला की गोपीनाथ आधी येतो, अशी म्हणच पडली होती. "सगळ्या आळीला माहितीये. विहीर बुजवल्याशिवाय टॉवरचा नकाशा बसत नाही. म्हातारबा ऐकेनात. विहिरीच्या काठावर त्यांचे वीर बसवलेत, पूर्वजांचे दगड. ते हलवले तर वंश बुडेल म्हणायचे. आता श्रद्धेपुढे कोण काय बोलणार?"

"मितेश बोलला," सहदेव हळूच म्हणाला. "त्याला घाई होती. त्याला फ्लॅट हवा होता, लग्न करायचं होतं."

"आणि तुम्हाला?"

"मी थांबलो असतो, साहेब. बाप किती दिवस पुरणार होता?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. कल्पिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिने पटकन कप पुढे केले.

"त्या शुक्रवारी तुम्ही कुठे होता?" दौलतरावांनी सहदेवला विचारलं.

उत्तर गोपीनाथने दिलं. "माझ्याबरोबर, कल्याणला. पार्टीबरोबर मीटिंग होती. म्हातारबांचा फोन... म्हणजे सापडल्याचा फोन आला तेव्हाही माझ्यासमोर बसले होते. पोलिसांना तसं लिहून दिलंय मी."

दौलतरावांनी चहा संपवला, बशी सरळ केली आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, "सगुणाबाई, जरा बाहेर या. आज तुमच्या सुनेने जे पाहिलं, ते तुम्ही ऐकायचं आहे."

सहदेव ताडकन उठला. "आई नाही ऐकणार ते!"

"ऐकते," सगुणाबाई दारात येऊन म्हणाली. ती खाली बसली.

४

दौलतरावांनी गोपीनाथला वाटेला लावलं आणि सहदेवला त्याच्यासोबत ओट्यावर धाडलं. मग कल्पिताला म्हणाले, "घाई करू नका. जसं दिसतं तसं सांगा."

कल्पिताने डोळे मिटले. मिटायचीही गरज नव्हती म्हणा. ते चित्र जेवताना, केस विंचरताना, झाडू मारताना कधीही येऊन उभं राहायचं.

"बाबा पायऱ्यांवर आहेत. गुडघाभर पाण्यात. अंगात सदरा नाही, धोतर ओलं झालंय. पाण्यावर शेवाळाची साय आहे, त्यांच्या पोटऱ्यांना चिकटलीये. एक बुडी मारून ते वर आलेत. तांब्या पायरीवर ठेवलाय." तिचा श्वास जड झाला. "ते चेहऱ्यावरून हात फिरवतात. त्यांची सवय होती ना आई, तशी मिशी दोन बोटांनी दाबून पाणी निथळवतात. मिशीवरचं पाणी हनुवटीवरून टपटप पडतंय. मग ते वर बघतात. काहीतरी बोलतात. आणि बांबू येतो. छातीला लागतो. त्यांचे हात बांबूला धरतात, पण..."

"कसली मिशी?"

सगुणाबाईच्या आवाजाने कल्पिताचे डोळे उघडले. सासूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई?"

"कसली मिशी गो? व्हती कुठं मिशी?" म्हातारी उठली. "त्या दिसाला काल्हेरला त्यांच्या चुलतभावाचा दहावा व्हता. भाऊ मोठा, ह्ये धाकटे. खाडीवर नाव्ह्यासमोर बसून डोकी, मिशी, सगली उतरवली त्यांनी! मी सोता बगलं. बोलले बी, पोरासारकं दिसतंस म्हनून. मंग ह्ये रिक्षानं पुढं आले, नि आमी बाया मयताच्या घरी ऱ्हायलो."

ओट्यावर सहदेवच्या हातातली काडेपेटी खाली पडल्याचा आवाज आला.

दौलतराव शांत होते. "दहाव्याहून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. बरोबर ना? म्हणून धाकूशेठ घरात न येता थेट विहिरीवर गेले. सुनेने त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी, मिशीसकट. नंतर पाहिला तो भिंतीवरचा हार घातलेला फोटो. त्यातही मिशी आहे. ज्याने जबाब लिहिला त्याने प्रेत पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी प्रेत पाहिलं त्यांनी जबाब नीट वाचला नाही. मी जबाब आणि पंचनामा, दोन्ही वाचले."

"पण मला दिसलं, साहेब. आत्ताही दिसतंय."

"दिसतंय यात शंकाच नाही," दौलतराव म्हणाले. "हिरव्या पडद्यांसारखं. तुम्ही त्या दिवशी विहिरीकडे पाहिलंच नाही, बाई."

५

तसं असेल तर एक गोष्ट उरते, आणि ती साधी नाही. मिशी तिने पदरची घातली, कबूल. पण बांबू? बांबू खरा होता. छातीवरचं नेमकं ठिकाणही खरं होतं. जी गोष्ट पोलिसांशिवाय फक्त मारणाऱ्याला ठाऊक, ती कल्पिताच्या डोक्यात आली कुठून?

दौलतरावांनी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. "बघा आणि सांगा."

कल्पिताने बघितलं. खिडकीतून दिसत होती पंपाच्या खोलीची पाठ आणि विहिरीचा अर्धा कठडा. पायऱ्या पलीकडच्या अंगाला होत्या. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस इथून दिसणं शक्यच नव्हतं. या घरात येऊन तिला आठ वर्षं झाली, रोज याच ओट्याशी उभी राहून ती पोळ्या लाटायची, आणि हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात यायला बाहेर बघावं लागतं. ती नेहमी आतच बघायची.

"आता तुमचं चित्र घ्या," दौलतराव म्हणाले. "त्यात तुम्ही कुठे उभ्या आहात?"

तिने डोळे मिटले. "पायऱ्या... माझ्या पायापासून खाली जातायत."

"धाकूशेठ?"

"खाली. वर माझ्याकडे बघतायत."

"मितेश कुठे आहे?"

कल्पिताने चित्रात डावीकडे पाहिलं. पंपाच्या खोलीचं दार, निळं, कडी लटकलेली. उजवीकडे पाहिलं. शेंदूर फासलेले वीर, त्यांच्यावर सुकलेली फुलं. तिने पुन्हा पाहिलं.

"मितेश नाहीये."

"बांबू आहे?"

"आहे."

"कुठून येतोय?"

तिने बांबूच्या मागे नजर नेली. हिरवा, ओला बांबू चित्राच्या खालच्या कडेतून निघाला होता आणि सरळ पुढे, खाली, म्हाताऱ्याच्या छातीकडे गेला होता.

"माझ्याकडून," ती म्हणाली. "साहेब, बांबू माझ्याकडून जातोय." आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. "देवा रे! तापात मीच उठून गेले का? मीच मारलं बाबांना?"

६

पुढचे दोन दिवस कल्पिता माणसात नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत बसायची. कातर धरली की बांबू दिसायचा. सहदेव तिला जवळ घ्यायचा, म्हणायचा, "त्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, तू लक्ष देऊ नको. तू खिडकीतून बघितलंस, मितेशने ढकललं, बस्स." आणि तो असं म्हणाला की चित्रात कडेला मितेश येऊन उभा राहायचा, हळदीतला पिवळा कुर्ता घालून. तिला हायसं वाटायचं. मग कुर्त्याकडे बघून पुन्हा धडकी भरायची. जुलैत हळदीचा कुर्ता कसा?

शुक्रवारी भर दुपारी दौलतराव आले. सहदेव कामावर होता. ते येऊन बसले आणि थोड्या वेळात वीज गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दुपारची वीज जाते, चारला येते, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पंखा घरघरत थांबला.

"तुमचा ताप एकशे चार होता, हे हॉस्पिटलात विचारून आलो," दौलतराव म्हणाले. "संध्याकाळी तुम्हाला चौघांनी उचलून रिक्षात घातलं. तुम्ही बांबू उचलला नाहीत. ही भीती आधी टाकून द्या."

कल्पिता ढसाढसा रडली. रडणं ओसरल्यावर ते म्हणाले, "आज विहीर नको. मला खोली सांगा. पलंगावरून काय दिसत होतं?"

"पंखा. बंद होता. पात्यांच्या कडेला काळी धूळ, मी म्हटलं गणपतीआधी पुसायला हवा. जीव नुसता तगमगत होता. हे उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. सोनेरी पुठ्ठा होता, माझ्याच मखराचा. मला कसलीतरी हाक ऐकू आलेली, मी विचारलं, कोण ओरडलं हो? मग हे..."

ती थांबली. तिला सहदेवचे ओठ हलताना दिसले. अंगावर ओलसर बनियन, कपाळावर घाम, एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हातात तिचा हात. तो हळू हळू सांगत होता. पायऱ्या, शेवाळ, तांब्या. बाबांनी वर बघितलं. बांबू छातीला लावला. मितेशने. तू बघितलंस ना, कल्पे? तू खिडकीतून बघितलंस.

"पंखा बंद होता, म्हणजे दुपार होती," दौलतराव म्हणाले. "प्रेत सापडलं दिवेलागणीला. दुपारी धाकूशेठ मेलेत हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि सहदेवने लिहून दिलंय की सकाळी निघालो तो फोन येईपर्यंत कल्याण सोडलंच नाही."

"नाही." कल्पिताने मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. "हेही मीच रंगवलं असेल. माझा काय भरवसा? खिडकी नव्हती तिथे मी खिडकी बघते, साहेब. हे पण तसंच असेल. असेल ना?"

"म्हणून तर तुमच्याआधी गोपीनाथला विचारलं," दौलतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी कणव आली. "खुन्याला पाठीशी घालणं म्हणजे काय, ते जरा समजावून सांगितलं. पाचावर धारण बसली त्याची. सहदेव न्याहारी करून तिथून निघाला, तो संध्याकाळी परत आला. काल रात्रीच गोपीनाथ पोलिसांसमोर तसं बोलून आलाय."

दारात सगुणाबाई उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने चौकट धरली होती.

"एकाला सोडवाया गेले," ती म्हणाली, "नि दुसऱ्याला मीच दिला." मग तिने सुनेकडे बघितलं. कल्पिताला वाटलं, आता ही शिव्या देईल, नाहीतर पाया पडेल, पोराला वाचव म्हणेल. म्हातारी पुढे आली आणि सुनेचा हात घट्ट धरून म्हणाली, "चल बाय. जे खरं हाय ते बोलून ये. मी येते तुज्यासंगं."

७

पोलीस ठाण्यात सहदेवला आधीच आणून बसवलं होतं. गळ्यातली साखळी काढून घेतलेली, त्यामुळे तो उघडा पडल्यासारखा दिसत होता. आईकडे त्याने बघितलं नाही. कल्पिताकडे मात्र बघितलं, आणि ती नजर ओळखीची होती, रोज रात्री उशी सारखी करून देणाऱ्या नवऱ्याची.

"कल्पे," तो म्हणाला, "तू बघितलंयस. तूच सगळ्यांना सांगितलंस. आता कुणी काही डोक्यात भरवलं म्हणून बदलू नको."

"तुम्ही का सांगितलंत मला?" कल्पिताने विचारलं. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मी तर काहीच मागितलं नव्हतं. मी फक्त विचारलेलं, कोण ओरडलं."

इन्स्पेक्टर काही बोलणार होते, पण दौलतरावांनी हाताने थांबवलं.

सहदेवचा जबडा हलला. "दहाव्यात सगळ्या भाऊबंदांसमोर बोलून आला म्हातारा. मी जिता हाय तोवर विहीर बुजणार नाही. मला फोनवर कळलं. मी फक्त विचारायला गेलेलो गं. तो खाली उभा राहून हसला. म्हणाला, टॉवेल दे, नि जा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "नंतर घरात आलो तर तू जागी. ओरडणं ऐकलेलंस. मी घाबरलो. काहीतरी सांगायचं म्हणून सांगायला लागलो, आणि तू... तू बघायलाच लागलीस. डोळे असे मोठे करून. बाबा, बाबा करायला लागलीस. तेव्हा मला कळलं."

"काय कळलं?"

"की तू साक्ष देशील."

सगुणाबाईने पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीकडे वळली.

कल्पिताला आठ वर्षं दिसली. एकेक दिवस, रंगांसकट. पहिल्या पाडव्याला त्याने आणलेली अबोली साडी, हॉस्पिटलच्या बाकड्यावर वाकडा होऊन झोपलेला तो, तिच्यासाठी संत्र्याची साल काढणारी त्याची बोटं. या माणसाने तिच्यावर प्रेम केलं होतं, त्याबद्दल तिला शंका नव्हती, आणि तोच तिचे डोळे काढून घेऊन त्यांतून भावाला फाशी द्यायला निघाला होता. दोन्ही खरं होतं. तिला मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

"बाई," इन्स्पेक्टर म्हणाले, "इथे बोललेलं कोर्टात टिकेल न टिकेल, मला तुमचा जबाब नव्याने हवा. त्या दिवशी विहिरीवर तुम्ही काय पाहिलं?"

तिने डोळे मिटले नाहीत, तरी विहीर आली. आता ती आणखी स्वच्छ होती. पाणी हललेलं, म्हातारा वर बघतोय, हसतोय, टॉवेल मागतोय. आणि बांबूवरचे हात पहिल्यांदाच पुरते दिसत होते. त्या हातांमागे खांदे होते, खांद्यांवर चेहरा होता, आणि तो चेहरा तिच्यासमोर बाकावर बसून तिच्याकडे आशेने बघत होता. तिला ठाऊक होतं की हेही तिने पाहिलेलं नाही. तिला हेही ठाऊक होतं की मरेपर्यंत रोज तिला हेच दिसणार.

"लिहून घ्या, साहेब," कल्पिता म्हणाली. "मी काही पाहिलं नाही. ह्यांनी मला सांगितलं."